हिशोब मागायचा कसा: कॉलेजच्या जीएसपासून झेडपीपर्यंत

"सगळेच खातात" हे वाक्य आमच्या सिंधुदुर्गात कुठल्याही एसटी स्टँडवर पाच मिनिटं उभं राहिलात तरी कानावर येतं, आणि गंमत म्हणजे ज्याने खरंच खाल्लेत त्यालाच ते सगळ्यात जास्त आवडतं, कारण एकदा सगळेच खातात म्हटलं की खालच्या वाडीतल्या पाखाडीचं, म्हणजे पायवाटेचं, बिल कितीचं निघालं हे कोण विचारत बसतंय. म्हणून पहिली सवय ही लावून घ्या, माणूस धरायचा नाही, काम धरायचं. सरपंच चोर आहे म्हणालात की अर्धा गाव त्याच्या बाजूने उभा राहतो, भावकी असते, देवळातला मानपान असतो, शिमग्याला पालखी त्याच्या खळ्यात येते. पण "पाखाडी १२० मीटर मंजूर होती, टेप लावली तर ८५ भरते, बाकीची कुठाय" असं विचारलंत की भावकीसुद्धा गप्प बसते. पुढे जे काय लिहिलंय ते सगळं ह्याच्याच आसपास फिरणारं आहे.

कॉलेजातच सुरुवात करा

हे हसण्यावारी नेऊ नका. गॅदरिंगच्या वेळी डीजेवाला, मंडपवाला, ट्रॉफीवाला ह्यांच्याशी पहिल्यांदा पैशाचा व्यवहार करणारा मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा असतो आणि त्याला हिशोब कसा ठेवायचा हे कोणीच शिकवलेलं नसतं. महिन्याभराने सर बिल मागतात, हा डीजेवाल्याकडे जातो, तो डीजेवाला अगदी सहज विचारतो "कितीचं बनवू?" आणि माझ्या मते पुढची सगळी भानगड तिथे सुरू होते. कारण त्या पोराला कळतं की बिल हे झालेल्या खर्चाचं नसतं, पाहिजे तेवढ्याचं असतं. तो पुढे ठेकेदार झाला काय नि पंचायत समितीचा सदस्य झाला काय, हे शिक्षण त्याच्याकडे आहेच.

तर बिल त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचं, सामान परत जायच्या आधी. वर्गणी आणि स्पॉन्सरशिपचे पैसे कुणाच्याही स्वतःच्या क्यूआरवर घ्यायचे नाहीत, हे आजकालचं सगळ्यात मोठं लफडं आहे, जीएसच्या, म्हणजे विद्यार्थी प्रतिनिधीच्या, जीपेवर बेकरीवाल्याचे पाच हजार येतात, त्यातच त्याचे घरून आलेले मेसचे पैसे, त्यातच रिचार्ज, मग त्याने खाल्ले नसले तरी सिद्ध कसं करणार. कॉलेजच्या खात्यात घ्या, ते जमत नसेल तर दोघांच्या सहीचं खातं उघडा आणि त्यातला एक जण सर किंवा मॅडम असू दे. मोठ्या कामाला तीन कोटेशन घ्या आणि तिन्ही फाईलला लावा, नाकारलेली दोनसुद्धा, कारण पुढच्या वर्षीच्या पोरांना भाव कळतो. ज्याला बिल देता येत नाही, उदाहरणार्थ सामान उचलणारे किंवा रिक्षावाला, त्याच्यासाठी व्हाउचर लिहा आणि पैसे घेणाऱ्याची सही घ्या, स्वतःची नाही. आणि पंधरा दिवसांच्या आत जमा किती, खर्च किती, शिल्लक किती आणि ती कुठे आहे असा एक कागद नोटीस बोर्डावर लावा. वर्गाच्या ग्रुपवर फोटो टाका. बस, एवढंच.

आता निवडणुकीचं. महाराष्ट्रात १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर थेट निवडणुका बंद होऊन गुणवत्तेवर नेमणुका सुरू झाल्या, २०१६ च्या कायद्याने थेट निवडणुकीची तरतूद परत आणली खरी पण ती पुढे ढकलण्यातच वर्षं गेली. तरी नियम माहीत असू द्या, कारण जिथे निवडणूक होते तिथे ते लागू पडतात. लिंगडोह समितीच्या शिफारशी सुप्रीम कोर्टाने २००६ साली लागू केल्या, त्यात एका उमेदवाराला जास्तीत जास्त ५,००० रुपये खर्च आणि निकालानंतर दोन आठवड्यांत तपासलेला हिशोब द्यायचा असं आहे. ग्रामपंचायतीच्या उमेदवाराला पण हेच आहे बरं का, ३० दिवसांत खर्चाचा हिशोब दिला नाही तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ब खाली तो अपात्र ठरू शकतो, निवडून आलेलासुद्धा. बऱ्याच पॅनलवाल्यांना हे फक्त समोरच्या पॅनलचा माणूस तहसीलला अर्ज घेऊन गेल्यावर कळतं.

तुम्ही कौन्सिलमध्ये नाही आहात पण जिमखाना फी भरता आणि तिचं काय होतं हे बघायचंय, तर आधी प्राचार्यांना साधा अर्ज द्या. बरेच जण देऊन टाकतात, लपवण्यासारखं नसतंच काही, फक्त कुणी विचारलेलं नसतं. नाहीच दिलं आणि कॉलेज अनुदानित असेल तर माहिती अधिकार (आरटीआय) लागू होतो, सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी कॉलेजं त्या कायद्यात येतात असं सुप्रीम कोर्टाने २०१९ साली सांगून झालंय. आणि नुसता सराव करायचा असेल तर स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका मागा, तो हक्क २०११ च्या निकालाने मिळालेला आहे. एकदा अर्ज, स्टॅम्प, पोच, पहिलं अपील हे चक्र स्वतःच्या पेपरसाठी फिरवलंत की पुढे ग्रामपंचायतीत हात थरथरत नाही.

मंडळांचं थोडक्यात. सार्वजनिक वर्गणी काढायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसची परवानगी लागते, आणि नंतर हिशोब द्यावा लागतो. आमच्याकडे गणपती घरोघरी, त्यामुळे सार्वजनिक मंडळं शहरांपेक्षा कमी, पण देवळाचा जीर्णोद्धार निघाला की मुंबईकरांकडून लाखांत जमतात आणि पावतीपुस्तक किती छापली हे फक्त दोघांना माहीत असतं. पावतीपुस्तकांना नंबर आणि कुठलं पुस्तक कुणाकडे आहे त्याची यादी, इतकं केलंत तरी निम्मी भांडणं कमी होतात.

ग्रामपंचायत: आधी घरबसल्या बघा

आरटीआय टाकायची घाई करू नका. आधी जे उघड्यावर आहे ते बघा. ई-ग्रामस्वराज ह्या साईटवर किंवा मेरी पंचायत ॲपवर राज्य, जिल्हा, तालुका, गाव, वर्ष निवडलं की तुमच्या गावाचा आराखडा आणि वित्त आयोगाच्या पैशातून झालेली पेमेंट दिसतात. पंधराव्या वित्त आयोगाचा (२०२१-२६) मोठा हिस्सा, ६० टक्के, पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, बाकीचा बंधनमुक्त. त्यामुळे "पैसेच नायत" असं जेव्हा नळाच्या कामाला सांगतात तेव्हा एकदा तिथला शिल्लक आकडा बघून जा. कामांची नावं तिथे अशी लिहिलेली असतात की हसू येतं, "रस्ता दुरुस्ती करणे" एवढंच, कुठला रस्ता, कोणाच्या घरापासून कोणाच्या घरापर्यंत काही नाही. असं मोघम नाव दिसलं की तेच काम निवडा.

दुसरी सोय फार कमी लोकांना माहीत आहे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळी आणि त्याखालच्या कार्यालयांत, स्थानिक स्वराज्य संस्थांतही, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ ह्या वेळात नागरिकांना अभिलेख बघायला द्यायचे आहेत, सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. ह्याला आरटीआयचा अर्ज लागत नाही. ग्रामसेवक (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण गावात ग्रामसेवकच म्हणतात) एकाच वेळी दोन-तीन गावं सांभाळत असतो त्यामुळे सोमवारी तो भेटेलच असं नाही, आधी फोन करून जा. गेल्यावर बोलायचं नीट. तो बिचारा कधीकधी स्वतःच सदस्यांच्या आणि ठेकेदारांच्या दबावाखाली असतो आणि तुम्ही वाकड्यात शिरला नाहीत तर "हा कागद नको, तो बघा" असं सुचवतोसुद्धा.

बघायचं काय? नमुना ५ म्हणजे रोकडवही, त्यात कुठल्या तारखेला कुणाला किती गेले ते असतं. सभेचं इतिवृत्त, म्हणजे तुमच्या ग्रामसभेत जे बोललं गेलं आणि जे लिहिलं गेलं त्यातला फरक. आणि कामाची फाईल.

ग्रामसभा

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. कोरम म्हणजे मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जो आकडा कमी असेल तो. आमच्या बाजूला घरटी एक माणूस मुंबईत, वसई-विरारला नाहीतर गोव्यात, त्यामुळे कोरम होत नाही, मग सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची गरज नसते. इथे खरी मेख आहे. ज्यांना ठराव आरामात पास करून हवेत त्यांना पहिली सभा तहकूब झालेलीच बरी असते, दुसऱ्या वेळी वीस माणसं, त्यातली बारा आपलीच, चहा-भजी, ठराव मंजूर. म्हणून तहकूब सभेची तारीख लगेच विचारून घ्या आणि त्या दिवशी नक्की जा, पहिल्या सभेला एकवेळ नाही गेलात तरी चालेल. तहकूब सभेत नवीन विषय घेता येत नाहीत, मूळ अजेंड्यावरचेच घ्यायचे असतात, तेव्हा मूळ नोटिशीचा फोटो मोबाईलमध्ये असू दे.

चाकरमान्यांना माझं सांगणं असतं की गणपतीत पाच दिवसांत सगळा गाव सुधारायला जाऊ नका, त्यापेक्षा मे महिन्यात आंब्याला आलेले असता तेव्हा १ मेच्या आसपासच्या ग्रामसभेला बसा. तुमचं मत गावच्या यादीत असेल तर तुम्हाला बोलायचा पूर्ण हक्क आहे. मत मुंबईत असेल तर गप्प बसून ऐका आणि घरच्यांना बोलू द्या. गावातली माणसं सुरुवातीला म्हणणारच, "तुमी मुंबयक जातलास, आमका हयच रवाचा आसा." खरंच आहे ते. त्यामुळे प्रश्न त्यांच्या नावाने टाकू नका, तुमच्याच सहीने टाका.

प्रश्न सभेच्या आधी लेखी द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची, शिक्का, सही, तारीख. तोंडी विचारलेला प्रश्न इतिवृत्तात "विविध विषयांवर चर्चा झाली" एवढाच उरतो. आणि एका सभेत एकच प्रश्न, ह्यावर मी अगदी ठाम आहे. सात प्रश्न विचारणाऱ्याला सरपंच सर्वात सोप्याचं उत्तर देतो आणि सभा संपते.

जलजीवनचं वेगळं सांगायला हवं. योजना २०१९ ची, माणशी रोज ५५ लिटर पाणी घरात नळाने. आमच्याकडे पाऊस धो धो आणि एप्रिलात विहिरीचा तळ दिसतो, त्यामुळे योजनेची चाचणी पाण्याच्या दिवसांत करून चालत नाही. गाव "हर घर जल" झालं असं जाहीर करायला ग्रामसभेचा ठराव लागतो, आणि हा ठराव जुलै-ऑगस्टच्या सभेत आणला की नळाला पाणी असतंच, कुणीच नाही म्हणत नाही. उठून सांगा की एप्रिल-मेमध्ये सलग पाणी आल्याशिवाय आमचा विरोध आहे आणि तो विरोध नावानिशी इतिवृत्तात लिहा. ठेकेदाराचं शेवटचं बिल ह्याच कागदांवर निघतं, त्यामुळे तुमची ती एक ओळ वाटते त्यापेक्षा जड असते.

टेप घेऊन जायचं ते असं

समजा काँक्रीटची पाखाडी आहे. अंदाजपत्रकात लांबी १२० मीटर, रुंदी दीड मीटर, जाडी १० सेंटिमीटर. गुणाकार केला की १८ घनमीटर काँक्रीट होतं. एम-२० दर्जाचं असेल तर घनमीटरला साधारण आठ गोणी सिमेंट धरतात, म्हणजे १४४ गोण्या. आता काम चालू असताना गोण्या किती उतरल्या हे वाडीतल्या कुठल्याही आजीला विचारा, तिला टेम्पोच्या खेपांपासून सगळं पाठ असतं. काम झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाजूच्या फळ्या काढतात, तेव्हा कडेला पट्टी लावून जाडी मोजा आणि पट्टीसकट फोटो काढा, तारीख आणि जागा उमटणारा कॅमेरा ॲप वापरा. कडेला ठेकेदार जाडी बरोबर ठेवतात आणि मध्ये जांभ्याचे तुकडे फुगवून भरतात हाही प्रकार असतो, पण म्हणून स्वतः फोडून बघायला जाऊ नका, सरकारी मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून तुमच्यावरच केस होईल. त्यासाठी लेखी मागणी करायची की कोअर (काँक्रीटचा आरपार नमुना) कापून तपासणी करा.

मग ही मापं एमबीशी जुळवायची. एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका, त्यात कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन घेतलेली मापं लिहितो आणि त्यावरच बिल निघतं. अंदाजपत्रक सगळे मागतात, एमबी फार कमी जण मागतात, आणि खरी गोम एमबीतच असते. १२० मीटर मंजूर होतं आणि ८५ केलं ह्यात स्वतःहून गुन्हा काही नाही, जागा नसेल, कुणी हरकत घेतली असेल. एमबीत ८५ लिहून ८५ चंच बिल काढलं असेल तर विषय संपला, जाऊन चहा प्या. एमबीत १२० असेल तर मात्र तुमच्या हातात काहीतरी आहे.

आणखी एक जुनी युक्ती म्हणजे तुकडे पाडणं. ठराविक रकमेच्या वर ई-निविदा काढावी लागते, म्हणून एकाच रस्त्याची तीन कामं करतात, अमक्याच्या घरापासून तमक्याच्या गडग्यापर्यंत, तिथून वडापर्यंत, वडापासून शाळेपर्यंत. तिन्ही रकमा मर्यादेच्या जरा खाली, ठेकेदार एकच, तारखा एकाच आठवड्यातल्या. हे नुसत्या यादीवरून सापडतं, मापसुद्धा घ्यावं लागत नाही.

आरटीआयचा अर्ज

कायदा २००५ चा. महाराष्ट्रात जोडपत्र अ मध्ये अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, झेरॉक्स पानाला २ रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही पण दाखला जोडावा लागतो. २०१२ पासून आपल्याकडे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे निबंध लिहिलात तर तेवढ्या कारणावर अर्ज परत येईल. "का" विचारू नका. पाखाडी कमी का केली, ह्याला माहिती अधिकारात उत्तर नाही, कागद जो आहे तोच मिळतो. साधारण असा लिहा:

"विषय: मौजे अमुक, खालची वाडी येथील सिमेंट काँक्रीट पाखाडीचे काम. कालावधी: आर्थिक वर्ष २०२३-२४. या कामाचे अंदाजपत्रक, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अदा केलेली देयके व व्हाउचर, काम पूर्णत्वाचा दाखला व त्यासोबतचे फोटो यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात."

संपलं. कारण सांगायची गरज नाही, कायद्यात तसं स्पष्ट आहे, कोणी "कशाला हवंय" विचारलं तर हसायचं. अर्ज चुकीच्या ऑफिसला गेला तर त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो. ३० दिवसांत माहिती, मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. नाही मिळाली किंवा अर्धवट मिळाली की पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, जोडपत्र ब, २० रुपयांचा स्टॅम्प, ग्रामपंचायतीचं असेल तर हे पंचायत समितीत जातं. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, ते नवी मुंबईत बेलापूरला कोकण भवनात. आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड करू शकतो, पण तिथे नंबर लागायला फार वेळ जातो, म्हणून खरी लढाई पहिल्या अपिलातच जिंकायची. सुनावणीला स्वतः जा. बहुतेक माहिती अधिकारी सुनावणीच्या आदल्या दिवशी फोन करतात, "या, कागद तयार आहेत."

हल्ली "वैयक्तिक माहिती आहे, ८(१)(जे) खाली नाकारली" हे उत्तर वाढलंय, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने ते कलमच आणखी कडक केलंय, त्यामुळे अमक्या कर्मचाऱ्याची मालमत्ता, तमक्याची रजा असलं काही मागत बसू नका. कामाच्या फाईलमध्ये वैयक्तिक काही नसतं. सुरुवातीला म्हटलं ना माणूस धरू नका, त्याचा इथे कायद्यानेसुद्धा फायदाच आहे.

कागद हातात आल्यावर

तक्रार आधी गटविकास अधिकाऱ्यांकडे, मग झेडपीच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. सरपंच किंवा सदस्याच्या गैरवर्तनाबद्दल ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ३९ खाली विभागीय आयुक्त त्यांना पदावरून काढू शकतात, चौकशी झेडपीकडून होते. सदस्यानेच सरकारी जागेत अतिक्रमण केलं असेल तर कलम १४ आहे, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे. तक्रारीत विशेषणं नकोत. भ्रष्ट, लुटारू, दरोडेखोर ह्यातला एकही शब्द नाही. "एमबी पान क्रमांक अमुक, नोंद १२० मीटर, दिनांक अमुकला जागेवर माप ८५ मीटर, फोटो सोबत." व्हॉट्सॲप ग्रुपवर तर त्याहून जपून, बदनामीची नोटीस यायला एक फॉरवर्ड पुरतो आणि मग मूळ पाखाडी राहते बाजूला.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. आधी तालुक्याला अर्ज केलेला असेल तर तिथे वजन येतं, थेट गेलात तर खालीच पाठवतात.

लाच मागितली तर

हे वेगळं प्रकरण आहे आणि इथे उशीर करायचा नाही. वारस नोंद, फेरफार, घर दुरुस्तीची परवानगी, आमच्याकडचा सातबारा म्हणजे पणजोबांपासूनची चाळीस नावं, त्यामुळे ह्या कामांत माणूस अडकतोच. पहिल्यांदा बघा की ती सेवा लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ च्या यादीत आहे का, असेल तर तिला ठरलेले दिवस असतात, ते उलटले की अपील करता येतं आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पोच नसेल तर दिवस मोजायला सुरुवातच होत नाही, म्हणून अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवरून किंवा पोच घेऊनच.

सरळ पैसेच मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, एसीबी, टोल फ्री १०६४. पैसे द्यायच्या आधी जा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हापण गुन्हा आहे, जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत कळवलं तर तुम्ही वाचता. एसीबीवाले आधी पडताळणी करतात, म्हणजे पंचासमोर तुमचं आणि त्याचं बोलणं रेकॉर्ड होतं की खरंच मागतोय का, किती मागतोय. मग नोटांना फिनॉल्फ्थेलिन पावडर, तुम्ही नोटा देता, ठरलेला इशारा करता, ते येतात, त्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. तुमच्या डोक्यात एवढंच ठेवा की मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत आणि त्याच्या खिशात कोंबायचे तर अजिबात नाहीत, मागणी सिद्ध झाली नाही तर कोर्टात केस पडते. सापळ्यात वापरलेले पैसे एसीबी तुम्हाला परत देते.

पुढचं पण माहीत असू द्या. पकडला गेलेला ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला की निलंबित होतो, पण खटल्याला सरकारची मंजुरी लागते, त्यात वेळ जातो, आणि मधल्या काळात तो दुसऱ्या तालुक्यात कामावर हजर झालेला दिसू शकतो. राग येतो. पण तुमचा फेरफार झालेला असतो.

तालुक्याच्या वर

वर गेलं की काम मोठं आणि कागद जास्त, पद्धत तीच. फक्त एक फरक, तिथे चुकीची किंमत जिवाने मोजावी लागते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल गेला, दोन एसट्यांसकट. २ जुलै २०१९ ला चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटलं, खालची वाडी वाहून गेली. धरणाला गळती आहे म्हणून गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या, आणि नंतर मंत्र्यांनी काय सांगितलं तर खेकड्यांनी धरण पोखरलं. ४ डिसेंबर २०२३ ला मालवणात राजकोट किल्ल्यावर उभा केलेला महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला, वर्षसुद्धा पूर्ण झालं नाही. तेव्हा तुमच्या गावाच्या वर धरण असेल किंवा वाटेत जुना साकव-पूल असेल तर पावसाळापूर्व तपासणीचा अहवाल मार्च-एप्रिलमध्येच मागायला घ्या, जूनमध्ये मागून त्याचा उपयोग नाही. अहवालात "दुरुस्ती आवश्यक" असं असेल तर पुढचा अर्ज त्या दुरुस्तीच्या मंजुरीचा. नवीन काम असेल तर दोषदायित्व कालावधी किती आहे ते बघा, त्या मुदतीत बिघडलेलं ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने नीट करून द्यायचं असतं, आणि खड्डे बुजवायला दुसऱ्यांदा निविदा निघते ती बऱ्याचदा ही मुदत चालू असतानाच.

मंत्री, बडे अधिकारी ह्यांच्याबद्दल तक्रार लोकायुक्तांकडे करता येते, आपल्याकडे १९७१ सालीच त्यासाठी कायदा झाला. आणि मंत्र्यांपर्यंत पोचतंच कुठे काय, असं म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच कोकणातलं उदाहरण आहे. आंबेतचे बॅरिस्टर अंतुले, मुख्यमंत्री असताना सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात ट्रस्टला देणग्या घेतल्याचं प्रकरण हायकोर्टात गेलं आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांना खुर्ची सोडावी लागली. पुढे त्यांना शिक्षा झाली नाही, आणि रायगडात आजही त्यांच्या कामाबद्दल चांगलं बोलणारी माणसं भेटतील, दोन्ही खरं आहे. पण त्याच प्रकरणात १९८४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भ्रष्टाचाराची फिर्याद कुणीही नागरिक करू शकतो, ती फक्त पोलिसांची मक्तेदारी नाही. तुम्ही वापरा नका वापरू, दार उघडं आहे.

जपून

सिनेमातल्यासारखा एकटा हिरो होऊ नका. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारीशे ह्यांना फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीखाली घातलं गेलं, जमिनींच्या व्यवहारांवर लिहीत होते. वाळू, जमीन आणि मोठे ठेके ह्या तीन विषयांत शिरायचं असेल तर एकाच विषयावर तीन-चार जणांनी वेगवेगळे अर्ज टाका, वेगवेगळ्या वाड्यांतून, शक्य असेल तर त्यातला एक मुंबईहून पोस्टाने. सगळ्या कागदांचे फोटो दुसऱ्याच्या मोबाईलमध्येही ठेवा. धमकी आली तर तोंडी भांडत बसू नका, पोलीस स्टेशनला लेखी द्या आणि पोच घ्या. कोणी "मिटवून टाकू, पाखाडी तुमच्या घरापर्यंत नेतो" म्हणाला तर तेही लिहून ठेवा, तारखेसकट. हे आमिष फार चालतं आमच्याकडे, आणि एकदा पाखाडी दारात आली की मग पुढच्या ग्रामसभेत तुम्ही काय तोंडाने विचारणार.

बाकी किरकोळ. कोर्ट फी स्टॅम्प तालुक्याला गेलात की दहाचे आणि वीसचे जास्तच घेऊन ठेवा, अपिलाच्या शेवटच्या दिवशी ते हमखास संपलेले असतात. अर्ज पोस्टाने पाठवणार असाल तर स्पीड पोस्टची पावती अर्जाच्या प्रतीला स्टेपल करा आणि दोन्हीचा एकत्र फोटो काढा, ती पावती चार महिन्यांत पांढरी पडते.